ते तिला विचारा

मॅडम,

गेल्या रविवारी तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. फोटो कुठला ठेवला होता सांगू? पासपोर्टचा, मोठा करून घेतलेला. तुम्हाला अजिबात न आवडणारा. त्यात तुम्ही समोरच्याला नापास करायला निघालेल्या दिसता. सेक्रेटरी शाहभाई बोलायला उभे राहिले आणि एकच वाक्य बोलले. तुमच्या पिशवीतल्या मासळीच्या वासावरून लिफ्टमध्ये तुमच्याशी वर्षानुवर्षं हुज्जत घालणारा माणूस, मॅडम! ‘अब लिफ्ट में किससे झगडेंगे,’ म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्याइतकं चांगलं त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

मग कॉलेजातल्या एका सरांनी तुमच्या पदव्या आणि पुरस्कार वाचून दाखवले. ते संपल्यावर काकांनी, तुमच्या यजमानांनी, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, प्रज्ञा, तू बोल. मी उठले, माइकपर्यंत गेले, फोटोला हात जोडले आणि परत जागेवर येऊन बसले. अकरा वर्षं ज्या बाईने मला चारचौघांत बोलायला लावलं, तिच्याच शोकसभेत मी मूग गिळून बसले. घरी येताना मला स्वतःचा इतका राग आला की रिक्षा आमचं खारी गाव ओलांडून पुढे गेली तरी मला पत्ता नाही. पुढच्या नाक्यावर उतरले आणि चालत मागे आले.

तर ते राहिलेलं बोलणं इथे बोलतेय. तुम्ही मध्येच ‘मुद्द्यावर ये’ म्हणणार नाही, तेवढी एक सवलत घेते.

मुद्दा तुम्हाला माहितीये. आपलं भांडण मिटायचं राहिलं. उत्तनच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची जी पाहणी तुम्ही सुरू केलीत, तिचं प्रमुखपद तुमच्यानंतर कुणी घ्यायचं, एवढ्या एका गोष्टीवर आपण शेवटचे तीन आठवडे धड बोललो नाही. तुम्ही म्हणत होतात, प्रज्ञाने घ्यायचं. मी म्हणत होते, मला नको. आणि संमतीपत्रावर माझी सही न बघताच तुम्ही गेलात.

पण हे सांगायला मला आधी बंदरावर जावं लागेल, तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत तेव्हाच्या.

मी एस.वाय.ला होते. प्राणिशास्त्र काही आवडीने घेतलं नव्हतं, त्याला प्रवेश मिळाला म्हणून घेतलं होतं. आम्ही परभणीकडचे. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. भाईंदरमध्ये लहानाची मोठी होऊन मी समुद्र बघितला नव्हता, हे तुम्हाला आधी खोटंच वाटलं होतं. खाडी बघितली होती, पण खाडीचं काय कौतुक, ती रोजच दिसते. उत्तन म्हणजे आमच्या चाळीसाठी ‘तिकडे लांब’. तुम्ही अख्ख्या वर्गाला पालिकेच्या बसमध्ये कोंबून सकाळी सकाळी बंदरावर घेऊन गेलात. निम्म्या मुली नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या. मी दोन टोपल्यांकडे आलटून पालटून बघत होते. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, काय विचारणार होतीस? मी म्हटलं, काही नाही. तुम्ही जागच्या हलला नाहीत. शेवटी मीच कंटाळून विचारलं की या टोपलीतले बोंबील त्या टोपलीतल्यांपेक्षा इतके बारके का.

‘मला नको विचारूस,’ तुम्ही म्हणालात. ‘तिला विचार.’

आणि टोपलीमागे बसलेल्या बाईकडे बोट दाखवलंत. ती बाई म्हणजे फिलोमावशी. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या बोटीची मासळी निवडत आलेली. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग अर्धा तास बोलल्या. कुणाच्या जाळ्याचा डोळा किती बारीक, बारकी मासळी कुठल्या महिन्यात जास्त येते, त्यांच्या सासूच्या वेळी काय यायचं आणि ते यायचं कधी बंद झालं. मी सगळं वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं. ती वही संध्याकाळी तुम्ही माझ्याकडून मागून घेतलीत आणि तिथून ही पाहणी सुरू झाली. लोकांना वाटतं, कुठल्या तरी मोठ्या बैठकीत ठरली असेल.

तुमची पद्धत इतकी साधी होती की आधी कुणी मनावरच घेतली नाही. बोटीवर पुरुष जातात, पण जाळ्यातून काय आलं ते एकेक करून बायकांच्या हाताखालून जातं. बाकीचे अभ्यासक बोटमालकांना विचारायचे, तुम्ही निवडणाऱ्या बायकांना विचारलंत. सात बायकांना सात वह्या दिल्यात. लिहिता येत असेल तिने लिहायचं, नसेल तिने रेघा मारायच्या. फिलोमावशींची वही आजही सगळी रेघांची आहे. मोठ्या बोंबलाला लांब रेघ, बारक्याला आखूड. मला ती वही आता वर्तमानपत्रासारखी वाचता येते.

आता बोंबलांचा तो किस्सा. तो शोकसभेत सांगायला हवा होता, लोक जरा हसले तरी असते.

मी एम.एस्सी.ला असताना बोंबलाच्या पोटात काय सापडतं याचा अभ्यास करत होते. मला परीक्षा होती म्हणून मी मावशींना निरोप दिला की साठ बोंबील बर्फात घालून ठेवा, मी उद्या येते. दुसऱ्या दिवशी गेले तर मावशी आणि त्यांच्या जावा हसतमुखाने उभ्या. डबा उघडला. साठच्या साठ बोंबील स्वच्छ धुतलेले, डोकी उडवलेली, पोटं साफ केलेली. शेवटच्या दहा-बाराला तर मीठसुद्धा चोळलं होतं. परीक्षा असलेली पोरगी एवढ्या लांबून येणार, तिला न साफ केलेली मासळी द्यायची? कोळणीच्या हातून असलं पाप होत नाही. आणि मला नेमकं हवं होतं ते पोटातलं सगळं त्यांनी कावळ्यांना घातलं होतं.

मी तिथेच रडायला लागले. तुम्हाला फोन केला तर तुम्ही इतक्या हसलात की पलीकडून काका ‘काय झालं, काय झालं’ विचारत होते. तासाभरात तुम्ही रिक्षाने हजर झालात. मला वाटलं, आता मावशींना समजावाल. तुम्ही मलाच विचारलंत, बोंबील कशाला हवेत ते तू यांना सांगितलं होतंस का? मी म्हटलं, नाही. त्यावर फिलोमावशी जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही. ‘पोरी, सांगितलाच न्हाय, त आमाला कलनार कसा?’

मग आपण वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसलो आणि मी पहिल्यांदा त्या सात जणींना माझा अभ्यास समजावून सांगितला. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना सांगितला होता, परीक्षकांना सांगणार होते, पण त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं. त्यानंतर बर्फात ठेवलेल्या एकाही माशाला कुणी सुरी लावली नाही. उलट पोटात काही वेगळं दिसलं की मावशी स्वतः फोन करायला लागल्या. आणि ते साठ बोंबील तुम्ही घरी नेलेत. नमुने वाया घालवायचे नसतात, म्हणालात. रवा लावून तळलेत आणि आई-बाबांना जेवायला बोलावलंत. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राची मासळी पोटभर खाल्ली. परत येताना म्हणाले, तुझी मॅडम शिकवते काय ते कळलं नाही, पण हात चांगला आहे.

याच बाबांनी, मी समुद्रावर काम करणार म्हटल्यावर, एकच प्रश्न विचारला होता की पोहता येतं का. येत नव्हतं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मलाही नाही येत. चोपन्नाव्या वर्षी, मॅडम! लोकांना समुद्र शिकवणारी बाई आणि कमरेच्या वर पाण्यात गेलेली नाही. आपण दोघींनी तरणतलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. गुडघ्यापर्यंतचा तो पोशाख घालून तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी इतकी हसले की शिकवणाऱ्या ताईंनी मला दम दिला. महिनाभर तुम्ही कठडा सोडला नाहीत. शेजारच्या मारवाडी आंटी तुम्हाला रोज धीर द्यायच्या, ‘डरो मत, पानी कुछ नहीं करता.’ मी तुमच्या आधी शिकले. त्या दिवशी तुम्ही जेवढ्या खूश झालात तेवढ्या माझ्या डॉक्टरेटलाही झाला नाहीत.

आणि तरीही तुमच्यावर मी अनेकदा चिडले. ‘ते तिला विचारा’ या तीन शब्दांनी तुम्ही माझा जीव काढलात. सुरुवातीची एक बैठक आठवतेय? मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी होते, मच्छीमार संस्थेचे लोक होते. सगळे प्रश्न तुम्हाला. मी कोपऱ्यात वह्या सांभाळत बसलेले. कुणीतरी बारक्या मासळीबद्दल विचारलं आणि तुम्ही माझ्याकडे बघूनही न बघता म्हणालात, ते तिला विचारा, काम तिने केलंय. वीस माना माझ्याकडे वळल्या. मी तुमच्याकडे बघितलं, काहीतरी सुचवाल म्हणून. तर तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसला होतात आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं की चष्मा का काढलात. तुम्ही म्हणालात, ‘तू मदतीसाठी माझ्याकडे बघणार हे मला माहीत होतं. दिसलंच नाही तर मदत कशी करणार?’ मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. त्या दिवशी मी काय बोलले ते मला आठवतही नाही, पण पुढच्या खेपेला तेच अधिकारी प्रश्न घेऊन सरळ माझ्याकडे आले. त्यानंतर प्रत्येक वेळी तुमची जागा शेवटच्या रांगेत आणि चष्मा मांडीवर. मी सराईत झाले, मलाही सूक्ष्मदर्शकात बघून बघून चष्मा लागला, तरी तुमची सवय काही गेली नाही.

हे तुम्ही कुठून शिकलात ते मला उशिरा कळलं. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे ती खाकी कॅनव्हासची बॅग टांगलेली असायची. एकदा मेथी निवडताना तुम्ही तिची गोष्ट सांगितलीत, तीही हसत हसत. तरुणपणी संशोधनाच्या बोटीवर जायच्या यादीत तुमचं नाव होतं. पंधरा दिवसांची सफर. तुम्ही बॅग भरलीत, बंदरापर्यंत गेलात आणि तिथे सांगण्यात आलं की बोटीवर बाईमाणसाची सोय नाही. तुमच्या जागी एक सहकारी गेला. त्याने आणलेल्या बरण्या तुम्ही सहा महिने तपासल्यात आणि निबंध त्याच्या नावावर छापून आला. त्यात काही शंका असली की लोक त्याला विचारायचे आणि तो घरी येऊन तुम्हाला विचारायचा. मी म्हटलं, मग तुम्ही भांडला का नाहीत? तुम्ही मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतलीत. मी विचारलं, आणि बॅग? तुम्ही म्हणालात, बघतेयस ना, भाजीला वापरतेय.

आता भांडणाकडे येते. टाळून चालणार नाही.

पाहणीला नवा प्रमुख हवा होता. तुमची निवृत्ती होऊन गेली होती, मुदतवाढही संपत आली होती. मी नाही म्हटलं तर काम पाहणीच्या समितीवरच्या देसाई सरांकडे जाणार हे उघड होतं. देसाई सर वाईट नाहीत, हे तुम्हीही म्हणायचात. पण त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की ते आकडे मोठ्या बंदरावरच्या नोंदींवरून घेतील. बायकांच्या रेघांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे सात वह्या बंद. हे मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण माझी नोकरी दर वर्षी नव्याने मंजूर होणारी, बाबा घरी बसलेले, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तुमच्या घरी बोंबील तळता तळता तुम्ही विषय काढलात आणि मी जे मनात अकरा वर्षं ठेवलं होतं ते बोलून टाकलं.

‘तुम्हाला सोपं आहे मॅडम, बोल म्हणणं. तुमच्या घरात मुलीने प्रश्न विचारला की तिचं कौतुक होतं. आमच्याकडे मुलीने निभावून न्यायचं असतं. उद्या मी चुकले तर प्रज्ञा चुकली असं कुणी म्हणणार नाही. यांना कशाला बसवलं तिथे, असं म्हणतील.’

तुम्ही ऐकत होतात. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या नाकावरचा राग तुम्हाला ठाऊक आहे. मी पुढे म्हटलं की तुम्हाला बोटीवर जाता आलं नाही, ते आता माझ्याकडून भरून काढताय.

तुम्ही गॅस बंद केलात. हात पुसलेत आणि म्हणालात, जेवून जा. मी चपला घालून निघाले. ताटात वाढलेले बोंबील तसेच राहिले.

मॅडम, त्यातलं पहिलं मी मागे घेत नाही. ते खरं आहे आणि ते खरं आहे हे तुम्हालाही माहीत होतं, म्हणूनच तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही कधीच ‘तसं काही नसतं गं’ म्हणाला नाहीत. बाकीचे म्हणतात. याबद्दल मी तुमची ऋणी आहे. दुसरं मात्र मागे घेते. ते खरं म्हणून नव्हे, तुम्हाला लागावं म्हणून बोलले होते. तोंडावर माफी मागायला हवी होती. मी उद्या मागेन, परवा मागेन करत राहिले.

तीन आठवड्यांनी तुमचा फोन आला. म्हणालात, ‘प्रज्ञा, उद्या भरती कितीला गं?’ मी म्हटलं, सहाला. तुम्ही म्हणालात, बरं. आणि फोन ठेवलात.

भरतीची वेळ तुम्ही मला विचारलीत! फिलोमावशींकडून तुम्हीच शिकला होतात, तिथीच्या आकड्याला पाऊणकी लावायची, म्हणजे पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. झोपेतून उठवलं तरी तुम्ही सांगितली असतीत. मला तेव्हा वाटलं, ताकाला जाऊन भांडं लपवताय, समेट करायचाय पण बोलायचं नाहीये, मग मी तरी का बोलू? मीही ‘सहाला’ एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी सकाळी काकांचा फोन आला की तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बसलात त्या उठलाच नाहीत.

आता त्या फोनकडे बघते तेव्हा वेगळंच वाटतं. इतकी वर्षं तुम्ही लोकांना सांगत होतात, तिला विचारा. शेवटी तुम्ही स्वतःच मला विचारलंत. आणि मी सांगितलेलं उत्तर ‘बरं’ म्हणून ऐकून घेतलंत.

तुम्ही गेलात त्या दिवशी उत्तनहून सातही जणी आल्या होत्या. इमारतीखाली एका रांगेत उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. शाहभाईंनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्च्या आणल्या. तुम्हाला नेल्यावर फिलोमावशी माझ्याजवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, पण पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. ‘आता वही कोनाला दाखवाची?’

मी काही विचार केला नाही, मॅडम. मी म्हटलं, मला.

सही चौथ्या दिवशी केली, शेवटच्या तारखेला. तुमच्यासाठी केली असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही. त्या वहीतल्या रेघा वाचता येणारी आता मी एकटीच आहे, म्हणून केली. तुम्हाला हे कारण जास्त आवडलं असतं. देसाई सरांनी अभिनंदन केलं आणि लागेल ती मदत करतो म्हणाले. परवा भाईंदर पश्चिमेच्या बाजारात काका दिसले, हातात तुमची खाकी बॅग, वर मेथीच्या जुड्या. मी ती त्यांच्या घरापर्यंत उचलून नेली. लिफ्टमध्ये मासळीचा वास नव्हता.

आणि आज सकाळी बैठक झाली. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

पाहणीची पुढची तीन वर्षं मंजूर करायची होती. मी सातही जणींना बोलावून घेतलं होतं. त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं, तुमच्या रांगेत. मुख्य अधिकारी नवे होते. त्यांनी फिलोमावशींची वही उघडली, चार पानं उलटली आणि देसाई सरांना विचारलं की या रेघांना माहिती कसं म्हणायचं. शोकसभेसारखं झालं तर सात वह्या इथेच बंद होणार होत्या. देसाई सर खाकरले. म्हणाले, ‘साहेब, ते तिला विचारा.’ तुमच्याबरोबर इतकी वर्षं बैठकांना बसून त्यांनाही लागण झालीय.

मी उभी राहिले. आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग लागला. लांब रेघ, आखूड रेघ, मोजून खात्री कशी करतो ते सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण काही टोपल्यांत बोंबील इतके बारके का?

उत्तर मला पाठ होतं, मॅडम. अकरा वर्षं मी तेच उत्तर देत आलेय आणि ते माझं नाही. मी म्हटलं, ‘ते मला नका विचारू. त्यांना विचारा.’ आणि मागे फिलोमावशींकडे हात केला.

सगळ्या माना मागे वळल्या. मावशी चपापल्या. शेजारणीने ढोसल्यावर उठल्या, पदर सारखा केला आणि पुढे यायला लागल्या. मी त्यांना वाट देऊन मागे गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. टेबलापाशी पोचल्यावर मावशींनी वळून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. मी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

समोर सगळं धूसर झालं. आणि तेव्हा मला कळलं की तुम्ही मला जे सांगितलं होतं ते अर्धंच होतं. चष्मा काढला की डोळे पुसता येतात आणि पुढच्या कुणालाही ते कळत नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मावशींचा आवाज आला, बंदरावर येतो तसा मोठा.

‘लिवून घ्या,’ त्या म्हणाल्या.